हूटर बंद करणारा हात

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. तिथं कुठं काही बिघडलं की हूटर वाजायचा आणि समोरच्या पॅनलवर त्या बिघाडाचं नाव लिहिलेली काचेची छोटी खिडकी लुकलुकायला लागायची. आमचं पहिलं काम हूटर बंद करणं. कानठळ्या बसत असताना माणसाला काही सुचत नाही, म्हणून आधी बटण, मग डोळे. हूटर थांबला तरी खिडकीतला दिवा जळत राहायचा, बिघाड निघेपर्यंत विझायचा नाही. त्या दिव्याच्या भरवशावर आम्ही न बघता बटण दाबायचो.

बायको म्हणायची, "घरातही हे नुसता हूटर बंद करतात." तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली की मी "हो हो" म्हणायचो आणि जागचा हलायचो नाही. दम लागतो म्हणाली तेव्हाही "हो, दाखवू" म्हटलं. दोनतीनदा म्हटलं. दाखवलं तोवर उशीर झाला होता.

आता घरात मी आणि मुलगी. ती सायखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी तिनं पुण्यातल्या एका संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलाखतीची वेळ एका ठरलेल्या आठवड्यात कधीही मेलनं येणार होती आणि त्याच दिवशी पाचच्या आत होकार कळवायचा होता, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावणार. आणि शाळेत शिक्षकांचे फोन सकाळी कपाटात जातात ते साडेपाचला परत मिळतात. म्हणून आदल्या रविवारी तिनं तिचा मेल माझ्या फोनवर सुरू करून दिला.

मेल आल्या आल्या फोननं स्वतःहून सांगितलं पाहिजे, आपण ॲप उघडायची वाट बघता कामा नये, असा तिचा हिशोब. तिनं नोटिफिकेशन सुरू केली. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप बाहेर काढलं, नाहीतर फोन खिशात गेला की ते झोपतं म्हणे. आवाज तर असा लावला की शेजारच्या वहिनी दारात आल्या.

"वाजलं की उघडायचं, वाचायचं, आणि मी येते असं कळवायचं. जमेल ना बाबा?"

"अख्खं पॅनल सांभाळलंय मी," मी म्हटलं.

मंगळवारी ती साडेसातला गेली आणि माझा जीव टांगणीला लागला. फोन शर्टाच्या खिशात, मी गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि परत. तो सारखा वाजत होता. साड्यांवर सूट. विम्याची आठवण. दुपारपर्यंत पुण्याचं काही नाही. बाराला मला ॲपचा संशय आला. सेटिंगमध्ये जाऊन सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. गॅलरीत नेट बरं मिळतं म्हणून उन्हात उभा राहिलो. मग माझ्या पत्त्यावरून तिच्या पत्त्यावर 'टेस्ट' अशी मेल टाकली. लगेच वाजली. तरी पाऊण तासानं पुन्हा टाकली. जेवण धड गेलं नाही. अशा सात टेस्ट झाल्या आणि सातही वेळा वाजलं. मी स्वतःलाच हाका मारत होतो आणि स्वतःच ओ देत होतो.

साडेचारला वाटलं, या सात मेल पाहून पोरगी हसेल, पुसून टाकाव्यात. पुसत खाली आलो. साड्यांच्या खाली, बारीक अक्षरांत, पुण्याची मेल होती. आलेली अकरा वीसला.

न वाचलेल्या मेल ठळक दिसतात, मी दिवसभर तेवढ्याच शोधत होतो. ही वाचलेल्यांत होती. वाजल्यावर वर जी पट्टी येते तिच्यावर 'वाचलं म्हणून नोंदवा' असं बटण असतं. अकरा वीसला एका हातात चहाचं पातेलं असणार. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते दाबलं, आवाज थांबला, आणि मला बरं वाटलं असणार. इथं मागे जळत राहणारा दिवा नव्हता. पोरगी पुण्याला गेली तर या घरात मी एकटा, हे अंगठ्याला ठाऊक होतं की काय, असंही मनात आलं. त्याची लाज वाटली.

तिच्या नावानं दोन ओळी लिहिल्या, चारदा तपासल्या. चार अठ्ठेचाळीसला पाठवल्या. पाच दहाला फोन वाजला. अंगठा निघालाच होता, दुसऱ्या हातानं मी तो धरला. उत्तर मिळाले, शुक्रवारी अकराला या, एवढंच होतं. मोकळ्या घरात मी ते मोठ्यानं वाचलं.

ती सातला आली. तिनं पर्स ठेवायच्या आधी मी सगळं सांगून टाकलं, अंगठ्यासकट. तिनं माझ्या फोनवर दोन्ही मेल वाचल्या, वेळा पाहिल्या.

"आई असती तर," एवढं म्हणून ती आत गेली. पुढचं मला पाठ होतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. थोड्या वेळानं आतून हाक आली, "बाबा, जरा इकडे या."

तोंडाशी आलेलं "हो हो" मी गिळलं आणि उठलो.