शिडी धरायला मी होते

आमच्या सुनेला वेड लागलंय, असं मी चारचौघांत सांगत सुटले होते. सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायचा, दुपारी घर, आणि त्यात बाईसाहेबांनी घरं विकायची परीक्षा दिली! घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आम्ही स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि ही निघाली लोकांना बंगले दाखवायला. पास झाली हे मात्र अख्ख्या जिन्याला मीच सांगितलं.

पण नुसतं पास होऊन भागत नाही म्हणे. कुणा ब्रोकरनं हाताखाली घेतल्याशिवाय लायसन्स चालू होत नाही, आणि वर्षाच्या आत कुणी घेतलं नाही तर सगळा अभ्यास पाण्यात. पहिला ब्रोकर म्हणाला, "पार्ट टाइम? एक ना धड, भाराभर चिंध्या." दुसऱ्यानं आधी नातेवाइकांचे फोन नंबर मागितले. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक मीच की काय! तिसऱ्यानं तर बस म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. पोरगी घरी यायची आणि नुसती कपड्यांच्या घड्या घालत बसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या सुनेला बोलायचं तर मी बोलेन, हे कोण टिकोजीराव?

वर्ष संपत आलं तेव्हा लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक ब्रोकरबाई सापडली. वय माझ्याएवढं, आवाज फौजदाराचा. म्हणाली, "उद्या दुपारी एक घर दाखवायचंय. तू तयार कर, मग बघू. भिंतीवरचे फोटो उतरव. घेणाऱ्याला तिथं स्वतःचं घर दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही."

घर एका एकट्या म्हाताऱ्याचं. बायको गेली, आता मुलीकडे राहायला जायचं म्हणून विकत होता. गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत तो बागेत जाऊन बसला. शिडी डुगडुगत होती, म्हणून धरायला मी. सुनेनं एकेक फोटो उतरवून जुन्या चादरीत गुंडाळला. लग्नातला, समुद्रावरचा, नातवंडांचा. गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. बाईही आवरून घ्यायला सांगून निघून गेली.

तर ही परत शिडीवर!

"अगं, आता काय?"

"परत लावते, आई."

"उद्या दुसरं गिऱ्हाईक यायचंय. परत काढावे लागतील."

"काढीन की."

आणि इथंच घोळ झाला. कुठला फोटो कुठल्या खिळ्यावर होता, हेच आम्ही दोघी विसरलो. भिंतीवरचे फिकट चौकोन बघून अंदाज घेत होतो, तेवढ्यात म्हातारा दारात. मागोमाग चष्मा विसरला म्हणून ब्रोकरबाई. आता आमची चांगलीच खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं.

"हे काय चाललंय?" बाई कडाडली. "रोज लावायचे आणि रोज काढायचे? कशासाठी?"

शिडीवरूनच सून म्हणाली, "दाखवायचं तेवढा वेळ घर दुसऱ्यांचं असू दे, मॅडम. नंतर रात्रभर काका इथं एकटेच असतात ना."

मी शिडी आणखी घट्ट धरली. आमचे हे गेल्यावर रिकामी भिंत कशी अंगावर येते, ते मी ओळखून आहे. पण हिला ते कधी सांगितलं नव्हतं. हिनं माझ्याकडे बघूनच ते जाणलं असणार.

म्हातारा पुढं आला. सुनेच्या हातात त्याच्या बायकोचा फोटो होता, तो बघून म्हणाला, "ही तिथं नव्हती, बाळ. खिडकीसमोरच्या भिंतीवर होती. तिला ऊन आवडायचं."

सून खाली उतरली. मी शिडी खिडकीसमोर ओढायला गेले, तर दुसरी बाजू ब्रोकरबाईनं उचलली.

"चढ," ती सुनेला म्हणाली. "आणि उद्या येताना लायसन्सचे कागद घेऊन ये. सही करायचीय मला."