मागे बसलेले अण्णा

अण्णा गेले त्याला आता महिना होऊन गेला. दुपारी जेवले, "अंमळ पडतो" म्हणाले, आणि अक्का कॉफी घेऊन उठवायला गेल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. वीणाचा फोन ऑफिसात आला आणि खरं सांगतो, मला आधी चक्क रागच आला. असं न सांगता-सवरता निघून जाणं ही अण्णांची रीत नव्हे. कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला निघाले तरी दारात उभं राहून ते घरभर जाहीर करायचे. रडू आलं ते नंतर, ऑटोत बसल्यावर. ड्रायव्हरनं नेहमीसारखं "यल्लिगे, सार?" म्हणून कुठे जायचं ते विचारलं, आणि राजाजीनगर म्हणायचं सोडून मी रुमाल शोधत बसलो...

अण्णा म्हणजे माझे सासरे, वीणाचे वडील, आणि अक्का सासूबाई. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे कर्नाटकात आलं आणि इथलंच झालं. घरात बोलायचे मराठीच, पण कशी मराठी! "भातावर स्वल्प तूप वाढ", "सरी, निघा आता", असं सगळं. सरी म्हणजे बरं. मी पडलो पुण्याचा, दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करण्याची खाज अंगातच. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हणालो, "अण्णा, स्वल्प नाही, थोडं." ते गंभीरपणे म्हणाले, "थोडं म्हणजे किती, पुणेकर? स्वल्प म्हटलं की आमच्या अक्काला बरोबर कळतं." तेव्हापासून मी त्या घरात पुणेकर झालो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नावानं हाक मारली नाही त्यांनी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी बंगळूरला आलो. जे. पी. नगरात तिघा मित्रांत मिळून एक खोली, ऑफिसात हिंदी, हॉटेलात खाणाखुणा. वीणाला पाहिलं ते मराठी मंडळाच्या गणपतीत. आरतीला आलेल्यांच्या चपला दारात पडल्या होत्या आणि ही एकटी कमरेला पदर खोचून मोठमोठ्या लोकांना झापत होती, "जोडीनं ठेवा हो, जोडीनं!" मी माझ्या चपला तीनदा नीट लावल्या. पुढे ओळखीतल्या एका काकूंना मध्ये घालून रीतसर विचारणा केली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आता पोहे, चहा, "स्वयंपाकाची आवड आहे का?" वगैरे होणार अशी माझी खात्री. पण निरोप आला तो असा: रविवारी सकाळी राजाजीनगरच्या बसस्टॉपवर या. पोटभर खाऊन या. दिवस जाईल.

मी कडक इस्त्रीचा शर्ट आणि कोरे करकरीत बूट घालून हजर. स्टॉपवर अण्णा, अक्का आणि वीणा. हातात डब्याची पिशवी. मला वाटलं, कुठल्या देवाला वगैरे जायचं असेल. अण्णा म्हणाले, "देवाला नाही. बसनं फिरायचं. ज्या बसमध्ये बसायचं तिच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, मध्ये उतरायचं नाही." का, ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आमची मुलगी संध्याकाळी काय ते सांगेल. आम्ही दोघं मध्ये पडणार नाही." म्हणजे दिवसभर परीक्षा आणि संध्याकाळी निकाल.

आणि बस आली तशी खरी गंमत कळली. बंगळूरच्या बसमध्ये बायका पुढच्या दारानं चढतात आणि पुढे बसतात, पुरुष मागे. आई-मुलगी पुढे निघून गेल्या, मी आणि अण्णा मागच्या सीटवर. जिला पाहायला आलो ती चार-पाच रांगा पुढे, पाठमोरी! दिवसभर मला दिसली ती तिची वेणी, तिच्यावरचा अबोलीचा गजरा, आणि वळणावर कधी अर्धा कान. अण्णांनी हे मुद्दाम केलं होतं की काय, ते मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. हसायचे नुसते.

तिकिटाचीही तिथली एक रीत होती. घरातला पुरुष मागे असला की तोच सगळ्यांची तिकिटं काढतो. पुढे कंडक्टर आला की बायका काही बोलत नाहीत, अंगठ्यानं मागे दाखवतात, "हिंदे." म्हणजे मागे आहेत आमचे, ते काढतील. अक्कांचा अंगठा तर कंडक्टर दोन पावलं लांब असतानाच वर जायचा. मी खिशात हात घातला तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "आज तुम्ही आमचे पाहुणे."

पहिली बस इथल्या, म्हणजे बंगळूरच्या, शिवाजीनगरला संपली, तिथून दुसरी थेट बनशंकरीची. अण्णांची जन्मभराची नोकरी सरकारी कारखान्यातली. कारखान्याचीच बस घराजवळून न्यायची, आणून सोडायची. रोज तोच रस्ता, तीच सीट. त्यामुळे रविवारी गावच्या बसमध्ये बसणं ही त्यांची चैन होती, आणि लहानपणापासून वीणा बरोबर. ते खिडकीतून बोट दाखवत बोलत होते. या दवाखान्यात ही झाली, नर्स म्हणाली, आवाज मोठा आहे हो हिचा. या शाळेच्या पायरीवरून पडली, हनुवटीवर खूण आहे बघा. त्या मैदानावर सायकल शिकली, म्हणजे मी पळालो, ती बसली. या देवळात परीक्षेआधी नारळ, त्या दुकानात पास झाल्यावर म्हैसूरपाक... मी आपला "हो का", "अरे वा" करत होतो. बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या. बनशंकरीला उतरून डबा उघडला, चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणि दही. मी लंगडतोय ते वीणानं पाहिलं. दिवसातलं तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य म्हणजे, "चपला घालून यायचं की हो." बास. त्यात होकार आहे की कीव आहे, याचा विचार करण्यात माझी पुढची बस गेली.

तिसरी बस गावाबाहेर जाऊन संपत होती. आता जिथे एचएसआर लेआउटची घरं उभी आहेत, त्याच्या अलीकडेच कुठेतरी. तेव्हा तिथे नाचणीची शेतं, एक तळं, आणि पत्र्याच्या टपरीत कॉफी. बस तिथे गोल वळून उभी राहिली आणि ड्रायव्हर खाली उतरून हात-पाय ताणू लागला. अण्णांनी "बाय टू" सांगितली, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. अक्का-वीणा पलीकडच्या बाकावर बसल्या. अण्णा पेल्याकडे बघत म्हणाले, "पुण्याला परत जाणार तुम्ही?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही एकुलती एक पोर. म्हणून दवाखाना, म्हणून शाळा, म्हणून ती हनुवटीची खूण. मी म्हणालो, "अण्णा, हे सगळं मला त्यासाठीच दाखवलंत का?"

"मग! मुलगी न्यायची तर न्या. पण कुठून उचलून नेताय, ते बघून ठेवा. टोकापासून टोकापर्यंत बघा. मग न्या."

"नाही जाणार" म्हटलं असतं तर काम झालं असतं. जिभेवर आलंही होतं. पण समोर तो माणूस असा बसला होता, की त्याला फसवणं मला जमेना. मी म्हणालो, "माहीत नाही, अण्णा. आई-बाबा तिकडे आहेत. आज जाणार नाही म्हणेन आणि उद्या जावं लागेल. खोटं बोलून नाही मागणार मुलगी." पलीकडच्या बाकावर वीणानं ऐकलं असणार, कारण तिचा पेला तोंडापाशी थांबला होता. अण्णा "सरी" म्हणाले आणि उठले.

परतीच्या बसमध्ये, थेट गावातलं मार्केट येईपर्यंत, ते एक अक्षर बोलले नाहीत. दिवसभर तोंड बंद न ठेवणारा माणूस गप्प! मनात म्हटलं, झालं, आटोपला कारभार. उगाच खरेपणा करायला गेलो. पुढे वेणी हलत होती, आणि ती आता आपल्याला पुन्हा दिसायची नाही. आदल्या दिवसापर्यंत मला ती आवडलेली एक मुलगी होती. आता तिची शाळा, तिचं मैदान, सगळं पाहून बसलो होतो ना... हातचं जातंय म्हटल्यावर फार वाईट वाटलं.

मार्केटहून राजाजीनगरची शेवटची बस. गर्दी बेताची. कंडक्टर पुढून तिकिटं देत आमच्यापर्यंत आला. अण्णांनी सवयीनं पैसे पुढे केले, "नाल्कु." चार. कंडक्टरनं मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. यांचं झालं म्हणे. पुढे बसल्यात त्यांनी काढलं, स्वतःचं आणि यांचं. अण्णांना कळेना. "आणि माझं?" कंडक्टर म्हणाला, तुमचं नाही काढलं. त्या अम्मांचंही नाही. दोनच.

मला अर्थ कळायला वेळ लागला, अण्णांना मुळीच लागला नाही. त्यांनी पुढे पाहिलं. वीणा वळली नाही, वेणी अगदी ताठ. अक्का मात्र वळून, तोंडाला पदर लावून हसत होत्या. अण्णांनी आपली आणि अक्कांची अशी दोन तिकिटं घेतली, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, परत काढला. मग माझ्या गुडघ्यावर एक जोरदार थाप मारून म्हणाले, "बघा पुणेकर, लग्नाआधीच चूल वेगळी मांडली हिनं!" आवाज हसरा होता, पण डोळे भरलेले होते. माझेही भरले, कशाला लपवू? जरा वेळानं म्हणाले, "आता कुठे जायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी विचारणार नाही." आणि खरंच, त्यानंतर त्यांनी कधीही विचारलं नाही.

पुण्याची नोकरी पुढे चालून आली. चांगली होती. वीणा तयार होती, भांडी कशात बांधायची इथपर्यंत. माझे आई-बाबा तोवर धाकट्या भावाकडे रमले होते, तेव्हा तिकडची ओढही कमी झालेली. पण खरं कारण ते नव्हे. रोज ऑफिसला जाताना ती हनुवटीची शाळा लागायची, आणि मीच नाही म्हणून टाकलं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "सरी." पाच मिनिटांनी धोतर बदलून आले. "चला, जरा बसनं फिरून येऊ." त्या रविवारी कुठे कुठे हिंडलो, काही आठवत नाही. एकही जागा दाखवली नाही त्यांनी. नुसते खिडकीशी बसून गुणगुणत होते. इतकं आनंदात मी त्यांना वीणाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

परवा अक्कांना काही दिवस आमच्याकडे न्यायचं ठरलं. वीणा घर आवरायला पुढे गेली होती. मी ऑटो बघू लागलो तर अक्का म्हणाल्या, "कशाला? बसनंच जाऊ." अण्णांचे दिवस होईपर्यंत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं, म्हणून मीही हो म्हणालो. त्या पुढच्या दारानं चढल्या, मी मागच्या. गर्दी होती. माणसांच्या खांद्यांमधून मला त्यांचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. कंडक्टर त्यांच्यापाशी पोचला. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत राहिल्या आणि त्यांचा अंगठा आपोआप खांद्यावरून मागे गेला, "हिंदे." कंडक्टर पुढच्या बाईकडे वळलाही.

मग तो अंगठा हवेतच थांबला. अक्कांनी सावकाश मान वळवली आणि मागच्या सीटांवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तोवर कंडक्टर मागे येऊन विचारत होता, पुढे बसलेल्या अम्मांचं तिकीट कोण घेणार? मी हात वर केला, अक्कांना दिसेल इतका वर, आणि दोन तिकिटं मागितली.