ताईचा तेलकट हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोर उभा राहूनसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — भित्र्या माणसाला असलाच ऐकणारा परवडतो.

मला घडीच्या चाकूंचा नाद आहे. खिशात मावणारे, पातं मुठीत मिटणारे. परळच्या आमच्या टॉवरमध्ये कपाटाचा एक खण त्यांनीच भरलाय. दिवसभर ऑफिसात कागद सरकवणाऱ्याला कशाला हवेत चाकू, असं बायको म्हणते, आणि बरोबरच म्हणते. पण मला कापायचं नसतंच काही. मला हौस ती पातं उघडण्याची. अंगठ्याने नुसतं ढकललं की सुळकन बाहेर यावं आणि ‘टक्’ करून बसावं — त्या एका आवाजापायी मी कितीतरी रविवार घालवलेत.

आता जरा कंटाळवाणं सांगतो, त्याशिवाय माझं पाप कळायचं नाही. पातं ज्या स्क्रूवर फिरतं तो घट्ट असला की चाकू अडत अडत उघडतो. सैल केला की कसा अलगद! पण मग उघडलेलं पातं डुगडुगतं, आणि त्याला मागून रोखून धरणारी पट्टी पुरती बसत नाही. माझ्या लाडक्या चाकूचा स्क्रू मी असाच सैल केला होता. पात्याच्या पाठीवर तळहाताने चापट मारून बघितली, तर पट्टी सटकली आणि पातं मिटलं. एकदा नाही, तीनदा. म्हणजे मला माहीत होतं — माहीत होतं. म्हटलं, पाकिटंच तर फोडायचीत, कशाला हवीय मजबुती?

त्या मे महिन्यात एका सकाळी ताई आणि भाऊजी गावचा फणस घेऊन आले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लालबागला राहते. हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून घरी फॉल-बिडिंग करायची. टाका इतका बारीक की दुकानदार भारी साड्या तिच्यासाठी राखून ठेवायचे. त्या टाक्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

“आडाळो खय आसा?” तिने विचारलं. आडाळो म्हणजे आमच्याकडे विळी. विळी होती घरात. चाळ सोडताना आणलेली, पलंगाच्या पेटीत पडून होती. गादी उचलायची, एवढंच काम. पण समोर भाऊजी बसले होते, आणि मला — काय सांगू — मला मिरवायचं होतं. मी खिशातून चाकू काढला, टक् करून उघडला आणि ताईपुढे ठेवला.

तिने रीतीप्रमाणे हातांना आणि पात्याला खोबरेल चोळलं, चीक चिकटू नये म्हणून. फणस चिरताना मधल्या दांड्याशी पातं रुतलं. ते सोडवायला तिने मूठ हलवून वर ओढली, पात्याच्या पाठीवर जोर आला आणि पातं तिच्या बोटांवर मिटलं. ती नुसती हाताकडे बघत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? पहिलं उत्तर कुणाचं? माझं. “हात तेलकट होता, सुरी सटकली.” इतक्या पटकन कसं सुचलं असेल मला? ताईने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. म्हणाली, “तेलाचो हात होतो. माझीच चूक.”

घरी आलो. बायको फरशीवरचं रक्त पुसत होती. आणि मी? मी बाथरूमचं दार लावून स्क्रू घट्ट करत होतो. पाव फेरा पुरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, कारण दुसऱ्या दिवशी भाऊजींनी चाकू बघायला मागितलाच. पातं उघडलं, हलवून बघितलं, पाठीवर दाबून बघितलं. जराही हललं नाही. मग ते ताईकडे वळले.

“सुरी घट्ट आसा. तुकाच धड धरूक येना नाय.”

तिने मान खाली घातली. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं — जीभ टाळ्याला चिकटली म्हणू? नाही, चिकटली नव्हती. मी ती उचलली नाही. उलट बरं वाटलं मला, सुटल्यासारखं.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. सुई धरता येईना, साड्या यायच्या थांबल्या. भाऊजी अजून चारचौघांत तिच्या वेंधळेपणाचा किस्सा सांगतात. ती हसते. आठ वर्षं झाली.

यंदाही फणस आला. अर्धा मी विळीवर फोडला. उरलेला कापायला माझी मुलगी सुरी घेऊन बसली, हातांना तेल लावून. ताई लगबगीने तिच्याजवळ गेली आणि ती ताठ बोटं तिच्यासमोर धरली.

“तेलाच्या हातान सुरी धरू नको गो बाय. माझा बघ काय झाला.”

मुलीने उठून हात धुतले. मग ताईने माझ्या अर्ध्यातला एक गरा सोडवला, डाव्या हाताने माझ्यापुढे केला. मी खाल्ला.