पाचच्या बटणावरचा ठिपका

मंडळी, हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आई आत आहे. आता शुद्धीवर आलीय.

सकाळी नारायणगुड्याच्या घरी ती स्वयंपाकघरात कोसळली. सोबत फक्त बाबा. त्यांना चार वर्षांपासून दिसत नाही. मोबाईल घेऊन दिलाय, पण त्याची काच सपाट, बोटांना काही कळत नाही. भिंत धरत धरत ते हॉलमधल्या जुन्या बटणांच्या फोनपाशी गेले. पाचच्या बटणावर एक बारीक ठिपका असतो. तो चाचपून, तिथून बटणं मोजत त्यांनी माझा नंबर लावला.

मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. घरचा नंबर दिसला आणि दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला.

"आई पडली. बोलत नाही. ये."

हिमायतनगरच्या ऑफिसातून घरी पोचले, तेव्हा बाबा फरशीवर आईचा हात धरून बसले होते.

"दोनदा लागलाच नाही बेटा. मला वाटलं, माझीच बोटं चुकताहेत."

मी "हो बाबा" म्हटलं.

तेव्हापासून मला काहीच वाटत नाहीये. रडूही येत नाही. बाबा शेजारीच बसलेत. त्यांना खरं सांगू का?