दुखण्याचा पुरावा

लातूर स्वतंत्र जिल्हा झाले आणि लागोपाठ पावसाने पाठ फिरवली, त्या काळात नव्या कचेरीसमोर माझ्या टेबलाइतकी गर्दी दुसऱ्या कोणत्याही अर्जनवीसाकडे नसे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे मी कचेरीच्या पायरीवर घेतले, आणि ते पदवीहून कमी होते असे मी मानत नाही.

माझ्या बिऱ्हाडाशेजारच्या खोलीत कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे एक तरुण प्राध्यापक राहत. ते नांदेड जिल्ह्यातले, नायगावकडचे. सार्वजनिक नळावर घागरी रांगेत लावून आम्ही बोलत बसायचो. ते एका परदेशी तत्त्वज्ञाचा ग्रंथ वाचत होते आणि तो आपल्याला पुरता उमगत नाही, हे मोकळेपणाने सांगत. त्या तत्त्वज्ञाच्या मते म्हणे, वेदना ही मनाच्या बंद खोलीत ठेवलेली आणि फक्त मालकालाच पाहता येणारी वस्तू नव्हे. ‘दुखते’ हा शब्द आपण चार माणसांत शिकतो. तो ऐकून माणसे धावतात, शेक देतात, हातातले ओझे घेतात, त्या व्यवहारातच त्याचा अर्थ असतो. मी म्हणालो, हे मला समजले.

"काका, एवढ्यात समजलं असेल तर मलाही शिकवा," ते हसून म्हणाले.

त्याच आठवड्यात जळकोटकडची एक बाई माझ्याकडे आली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडत असे. कमरेतून कळ निघे. पण सूज नाही, जखम नाही, आणि डॉक्टरला काही सापडले नाही म्हणून दाखलाही नाही. तिला खडीऐवजी मजुरांना पाणी पाजण्याचे काम हवे होते. कळ कशी असते, असे मी विचारले.

"कशी म्हंजे? तुमाला कवा दुखलंच न्हाई का, मामा?"

आमच्या धंद्यात अशा वेळी ‘असह्य वेदना’ लिहिण्याचा रिवाज आहे. प्रत्येक अर्जात तेच असल्यामुळे कारकुनाची नजर त्यावर थांबतच नाही. मी रिवाज मोडला. वेदनेचे नावही न घेता लिहिले, की अर्जदार खाली बसल्यास सोबतच्या बाया तिला बगलेत हात घालून उठवतात आणि तिच्या वाटणीची खडीही त्याच फोडतात. संध्याकाळी नक्कल प्राध्यापकांना वाचून दाखवली. त्यांनी ती स्वतः पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, बरोबर वाटते, पण तो तत्त्वज्ञ एवढेच म्हणत नाही. मी ती संमती समजलो.

कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, शेवटपर्यंत वाचला. खडी दुसऱ्या बाया फोडतात याचा अर्थ ही बाई कामच करत नाही, असा शेरा मारून त्यांनी तिचे नाव हजेरीतून कमी केले.

ती परत आली तेव्हा चिडलेली नव्हती. अर्जातले प्रत्येक वाक्य खरे होते, हे मी तिला समजावू लागलो.

"खरंच हाय की," ती म्हणाली. "म्हणून तर नाव गेलं."

काहीतरी मार्ग काढतो म्हणून मी तिला दुसऱ्या दिवशी बोलावले. नळावर प्राध्यापकांना विचारले, तुमचा तत्त्वज्ञ यावर काय म्हणेल? ते म्हणाले, तेच शब्द घरात एक काम करतात आणि कचेरीत दुसरे, एवढे तो नक्की म्हणेल.

"त्या बाईला काय सांगायचं, ते मात्र त्याच्या ग्रंथात मला कुठं सापडलं नाही, काका."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मजकूर ठरवून आली.

"बाईला काईच दुखत न्हाई, म्हणून लिवा. खडीवर घ्या म्हणावं."

दुखणे थांबले का, असे मी विचारले.

"दुखायलंय की. ते माझं मी बघते. तुमी लिवा."

मी लिहिले : ‘अर्जदाराची प्रकृती उत्तम असून तिला कोणताही त्रास नाही.’ तिने अंगठा दिला. अर्ज तिथल्या तिथे मंजूर झाला. त्या वाक्यासाठी कोणी डॉक्टरचा दाखला मागितला नाही.