भाचेसुनेच्या डबीतला भुंगेरा

माझी भाचेसून पहिल्यांदा घरी आली ती डबीत भुंगेरे घेऊन. मला वाटलं, भाच्याने काय ध्यान आणलंय! ती कीटकांच्या प्रयोगशाळेत असते हे नंतर कळलं, तेव्हा माझं मलाच हसू आलं.

परवा माझ्या भावाचं कुंडीतलं लिंबाचं झाड पिवळं पडलं. "तुझ्या पाण्याने मुळं कुजली, आता उपटतोच," असं त्याने मला सुनावलं.

"बाबा, थांबा," सून सासऱ्याला म्हणाली. "कीड लागलेलं झाड वेगळा वास सोडतं. तिला खाणारा भुंगेरा त्याच वासावर जातो."

तिने दोन फाटे असलेली काचेची नळी आणली. डाव्या फाट्यात लिंबाचं आजारी पान ठेवलं, उजव्यात दुसऱ्या कुंडीतलं धडधाकट. डबीतून नळीत सोडलेला भुंगेरा मध्येच थबकला, मिशा हलवल्या आणि सुटला की डावीकडे!

"त्याला डावीकडेच जायची खोड असेल," भाऊ म्हणाला.

तिने पानांची अदलाबदल केली. पठ्ठ्या तुरुतुरु उजवीकडे गेला. मग तिने लिंबाचं बेचकं खरवडलं, तर आत पांढरी कीड, पिठ्या ढेकूण.

"तरी पाणी जास्तच झालं होतं," भाऊ पुटपुटला.

सुनेने कुंडीत बोट खुपसलं आणि कोरडंठाक बोट त्याच्या नाकासमोर धरलं.