हाल उतरेपर्यंत

लोबानाचा वास आला की ती घटना आजही आठवते. तेव्हा मी वेरूळच्या वर, घाटमाथ्यावरच्या दर्ग्यांच्या गावी फौजदार होतो. उरुसात दुपारच्या नमाजानंतर दर्ग्याच्या चौकात कव्वाली बसली आणि ती चालू असताना आतल्या खोलीतून चांदीचं लोबानदान गेलं. निम्मं गाव म्हणालं, बाबांची करामत. करामतीवर गुन्हा नोंदवता येत नाही, म्हणून मी पंचनाम्याला लागलो.

खबर दिली दारात फुलं-चादरी विकणाऱ्याने. यंदाच सिल्लोडकडून येऊन त्याने दुकान मांडलं होतं.

"मी मैफलीतच उभा होतो, साहेब. तो हिमरू विणणारा म्हातारा मुद्दाम घुमायला लागला. सगळे उठून त्याच्याकडं बघायले, तेवढ्यात साथीदारानं हात मारला. लई नाटकी माणूस."

रीत खरीच तशी आहे. कव्वाली ऐकताना कुणाला हाल आला, म्हणजे देहभान विसरून तो घुमू लागला, की सगळी मैफल अदबीने उभी राहते. मी विणकराला तिथूनच उचललं.

"किती वेळ घुमत होतास?"

"याद नाही, साहेब."

"कव्वाल काय गात होता?"

"वो भी याद नाही."

हे उत्तर ठाण्यात रोज मिळतं. "नाटक पुरे," मी दरडावलं.

म्हाताऱ्याने तेव्हा कुठे मान वर केली. "चोर म्हणा साहेब, चलेगा. हालला नाटक म्हणू नका. चाळीस साल झाले, तिथं बसतो. माझ्याकडं दुसरं काय हाय?"

प्रश्नांची यादी करून प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे, ही माझी पद्धत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अठरा जबाब झाले. हाल आल्यावर काय गायलं गेलं, याला सतरा जणांनी अक्षर न् अक्षर एकच ओळ सांगितली. साक्षीदार इतके जुळले की पढवलेले समजावेत, असं आम्हाला शिकवलेलं. मी कव्वालाला बोलावलं.

"खाँसाहेब, सगळ्यांना तुम्हीच पढवलं काय?"

तो हसला. आवाज पार बसला होता. "साहेब, ज्या ओळीवर हाल येतो, ती हाल उतरेपर्यंत सोडत नाहीत. सोडली तर माणूस अधांतरी राहतो. अर्धा घंटा तीच ओळ गायलो. गला बघा माझा! कुणी दुसरं काही ऐकणारच कसं?"

एकाने ऐकलं होतं. फुलवाल्याचा जबाब होता, 'चार-पाच शेर झाले असतील.'

"मैफलीत होतास ना?" मी त्याला समोर बसवून विचारलं. "मग त्यातला दुसरा शेर सांग."

तो मैफलीत नव्हताच; मी दुकानाची झडती घेतली. लोबानदान त्याच्या दुकानात, शिळ्या फुलांच्या टोपलीत निघालं.

जबाब जुळले म्हणजे पढवलेले, हा नियम मी त्या दिवशी सोडला. दुसरी गोष्ट अशी, की माणसाच्या आत काय घडतं ते ठाण्यात तपासता येत नाही आणि जे तपासता येत नाही त्याला खोटं म्हणू नये. पुढची सगळी नोकरी मी हे पाळलं.

सोडताना मी विणकराची माफी मागितली. तो जागचा हलला नाही.

"एक विचारू, साहेब? ओळ कोणती होती? तुम्ही तर तिथूनच उचललं मला. कुणाला विचारायचं राहिलं."

सतरा जबाब टेबलावर होते. वरचा उघडून मी ती ओळ वाचली. म्हाताऱ्याने डोळे मिटले. दारातला हवालदार आपणहून स्टुलावरून उठला.

मीही उभा राहिलो आणि तीच ओळ पुन्हा वाचली.